तानाबाईच्या तुरीची फुलं

नानाजींचं शेत दारव्ह्याच्या पुढे, नाल्यापलीकडे. तिन्ही बाजूंनी जंगल. तिथं कोणी फिरकत नाही, म्हणूनच ते आमच्या साहेबांना पसंत पडलं. परदेशातही काम करणाऱ्या संशोधन संस्थेचं तुरीचं नवं वाण तिथं पेरायचं होतं. उभी झाडं वाळवणाऱ्या मर रोगात टिकलं तर बी आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांकडे जाणार. ते शुद्ध राहायला आसपास दुसरी तूर नको, मधमाश्या पराग इकडचे तिकडे नेतात. माणसाचं एकटेपण असंही कामाला येतं! मी संस्थेची जीप चालवायचो.

झोपडीच्या दारात मात्र तुरीचं एक जुनं झाड निघालं. नानाजींच्या बायकोनं, तानाबाईनं, माहेरचं बी आणून लावलेलं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. पाहणीचं काम ममताताईंकडे होतं. त्या म्हणाल्या, "हे तोडावं लागेल, नानाजी."

"झाड नाही तोडत, बाई. फुलं तोडतो, रोज सकायी. मले दुसरं काम काय हाय?"

"एक जरी फूल उमललं, तर सगळी मेहनत वाया," त्यांनी बजावलं.

पुढच्या खेपेला एक कळी उमलायच्या बेतात सापडली. ममताताई चिडल्या. "आता पंधरा दिवसांनी नाही, दर आठवड्याला यावं लागेल मला."

नानाजींनी मान खाली घातली, पण म्हातारा खूश झाला होता. मी पाहिलं ना!

मग दर मंगळवारी ते धुतलेलं धोतर नेसून नाल्यावर उभे. काळा चहा व्हायचा. तानाबाई सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी कशी करायची, ते दर वेळी नव्यानं सांगायचे. ममताताईही दर वेळी ऐकायच्या.

बहर ओसरायला लागला तशा त्या म्हणाल्या, "छान राखलंत. पुढच्या मंगळवारी शेवटचं येते, मग एकदम कापणीलाच."

त्या मंगळवारी झाडावर एक पिवळं फूल होतं. पूर्ण उमललेलं, वर मधमाशी. शेंड्यावर नाही, अगदी नानाजींच्या डोळ्यांसमोरच्या फांदीवर.

"हे कसं राहिलं, नानाजी?"

"दिसलं नाही, बाई. आता दर आठवड्याले येत जा. माह्यावर लक्ष ठेवा लागते."

ममताताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वहीत चाचणीचा प्लॉट रद्द केला. शेतात रोवलेल्या संस्थेच्या पाट्या मी उपटल्या. मला भयंकर चीड आली होती. कोणाची, ते अजून कळलेलं नाही.

"म्हंजे आता नाही येणार तुमी?"

"नाही, नानाजी. इथलं काम संपलं."

जानेवारी संपताना मी एकटाच वाट वाकडी करून गेलो. मंगळवार होता. नानाजी धुतलेलं धोतर नेसून नाल्यावर उभे होते. त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"बाई?"

"नाही आल्या."

मागे झाड पिवळंधमक फुललं होतं.

"एकबी फूल तोडलं नाही मी," ते म्हणाले. "सांगजो बाईले."