वृंदाकाकूंनी पकडलेला भामटा

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान कप खाली ठेवून हसा. कार्पेट भाड्याच्या घराचं आहे.

मागे एका दिवाळीत मी जो घोळ घातला ना, तो घालायला माणूस नुसता मूर्ख असून भागत नाही. तज्ज्ञ असावा लागतो!

माझा धंदा तुम्हाला ठाऊक असेल. नाही? बरं. पुण्याहून इथे ऑकलंडला शिकायला आलो, दोन-तीन नोकऱ्या केल्या, मग डोक्यावर साहेब नको म्हणून हिल्सबरोच्या घरातल्या गराजमध्ये टेबल टाकलं आणि लोकांच्या वेबसाइट सांभाळायला लागलो. आता पन्नासएक साहेब आहेत, सगळे ग्राहक. वेबसाइटबरोबर मी त्यांना एसएसएल सर्टिफिकेटही विकतो आणि बसवून देतो.

घाबरू नका, सोपं आहे. तुम्ही एखादी वेबसाइट उघडली की ब्राउझर आधी बघतो, ही खरंच त्याच पत्त्याची आहे ना, मधे कोणी कान लावून बसलेलं नाही ना. त्याचा दाखला म्हणजे हे सर्टिफिकेट. दाखला असला तर कोणाला पत्ताही लागत नाही. मुदत संपली की मात्र स्क्रीनभर बोंब: सावधान, चोर तुमची माहिती पळवत असतील! हे दाखले मी परदेशातल्या एका कंपनीकडून घेतो. फुकटचेही मिळतात. मी ते लपवत नाही हं, कोणी विचारलं तर सांगतो. सुदैवाने कोणी विचारत नाही.

तर त्या वर्षी गणपतीत आपल्या मंडळाने माझं भाषण ठेवलं. ऑनलाइन फसवणूक आणि आपण! मी काय बोललो म्हणता? पेटलोच होतो. ईमेलमधल्या लिंकवर क्लिक करायचं नाही म्हणजे नाही. जो घाई करतो तो चोर समजायचा. हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब बनवतात, तेव्हा आवाजावर जायचं नाही. आणि शेवटी, टाळ्यांच्या भरात, छातीवर हात ठेवून म्हणालो, "उद्या मी स्वतः फोन करून सांगितलं ना, की क्लिक करा, तरी करू नका!"

काय टाळ्या पडल्या! पहिल्या रांगेत वृंदाकाकू गोडबोले वहीत सगळं लिहून घेत होत्या. मला किती बरं वाटलं होतं.

वृंदाकाकू म्हणजे पुण्यातल्या शाळेतल्या निवृत्त बाई. यजमान, म्हणजे मोरूकाका, गेल्यावर मुलाकडे, समीरकडे, रोटोटुनाला आल्या. म्हणजे हॅमिल्टनला, आमच्यापासून गाडीने दीड-दोन तास. वर्षभर घरात बसून कंटाळल्या आणि मग दिवाळीचा फराळ करून विकायला लागल्या. समीरने परवाने काढून दिले, वेबसाइट मी बनवून दिली. वर मोठ्या अक्षरांत, 'वृंदा गोडबोले यांचा फराळ'. ऑर्डर फक्त वेबसाइटवरच घ्यायच्या, आणि लेबर वीकेंडच्या, म्हणजे इथल्या ऑक्टोबरातल्या तीन दिवसांच्या सुट्टीच्या, रविवारी बंद करायच्या, असं ठरलेलं.

त्याच वीकेंडच्या आधीच्या शुक्रवारी त्यांच्या सर्टिफिकेटची मुदत संपत होती. मला महिनाभर आठवणी येत होत्या. मी त्या वाचत होतो. गुरुवारी दुपारी जाग आली आणि नवीन मागवलं.

आता कंपनीची पद्धत अशी, की वेबसाइटच्या मालकाला एक ईमेल जातं. त्यातल्या लिंकवर त्याने क्लिक करून हो म्हटलं की दाखला तयार. आलं ना लक्षात?

मी मेसेज टाकला, "काकू, एक ईमेल आलंय. त्यातल्या लिंकवर लगेच क्लिक करा. अर्जंट आहे."

उत्तर नाही. तासाभराने कंपनीकडून पुन्हा ईमेल पाठवायला लावलं. मेसेज टाकला, "काकू, प्लीज, आत्ताच्या आत्ता!" तर माझा नंबर ब्लॉक. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईच्या हातून चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी अकरा वेळा ईमेल पाठवायला लावलं. शेवटी माझी बायको मुग्धा हिच्या फोनवरून त्यांच्या घरच्या फोनला लावला.

"काकू, मी मंदार बोलतोय."

"बोल हो, बोल," काकू म्हणाल्या. आवाज गोड. फारच गोड.

"काकू, ते ईमेल—"

"म्हणजे लिंकवर क्लिक करू ना मी? लगेच करू ना? घाई आहे ना तुला?"

"हो, खूप घाई आहे!"

"असं होय! आवाज मात्र छान जमवलाय हो तुम्ही लोकांनी."

"काकू, अहो मी खरा मंदार आहे!"

"खरा ना? मग सांग, गणपतीत मी तुला लाडू कशातून दिले होते?"

"डब्यातून. स्टीलच्या."

"कुठे आहे तो डबा?"

आता खरं सांगायचं तर डबा कुठे होता मला काय ठाऊक? पण घाईघाईत बोलून गेलो, "धुऊन पुसून ठेवलाय काकू, उद्याच आणून देणार होतो!"

"पकडला!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या, की शेजारी बसलेल्या मुग्धाने दचकून चहा सांडला. "खऱ्या मंदारने आजवर कोणाचा डबा परत केलाय का रे, भामट्या? हे सगळं रेकॉर्ड होतंय बरं का!" आणि फोन बंद.

मुग्धा मला म्हणाली, "बाई हुशार आहेत."

पाच मिनिटांत मंडळाच्या ग्रुपवर मेसेज. 'सावधान! आपल्या मंदारचा फोन आणि आवाज चोरीला गेला आहे. सोबत रेकॉर्डिंग. कृपया त्याच्या नंबरवरून काही आल्यास उघडू नये.' खाली हात जोडलेली चित्रं, शाबासकीचे अंगठे, 'काकू, हॅट्स ऑफ', 'काकू, यू आर सुपर स्मार्ट'. मी लिहिलं, 'अहो, मी खरा आहे.' ॲडमिनने मला ग्रुपमधून काढलं. त्या ग्रुपमध्ये माझे वीस ग्राहक होते. समीरला फोन लावला, तर तो बायकोला घेऊन कुठेतरी समुद्रावर तंबू ठोकून बसलेला, रेंजच नाही.

आणि शनिवारी सकाळी सर्टिफिकेटची मुदत संपलेली. काकूंचा फराळ बघायला जो येईल त्याच्यासमोर बोंब: चोर तुमची माहिती पळवत असतील! झालं! काकूंना पुरावाच मिळाला. भामट्यांनी हल्ला केला! लोक ऑर्डरी द्यायचे थांबले. ज्यांनी दिल्या होत्या ते आपली कार्डं बंद करायला धावले.

"चल," मुग्धा म्हणाली, "गाडी काढ." आणि स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उपसायला लागली. मी म्हटलं, ही कशाला भांडी काढतेय आता? तर म्हणाली, "तू गप बस."

लेबर वीकेंडला दक्षिणेकडे जाणारा रस्ता ज्याने पाहिलाय त्याला मी काय वेगळं सांगू? निम्मं ऑकलंड गाडीच्या टपावर कायाक होड्या बांधून आमच्या पुढे उभं होतं. रोटोटुनाला पोचायला साडेतीन तास लागले.

बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"काकू, मी मंदार. हा बघा चेहरा."

"चेहरेही बनवतात. तूच म्हणाला होतास. म्हणजे त्याने सांगितलं होतं."

"हे लायसन्स बघा."

"लायसन्स कोणीही छापतं."

मी हात टेकले. तेवढ्यात मुग्धाने मला बाजूला सारलं, पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि उलटा करून साखळीच्या फटीसमोर धरला. बुडाला कोरलेलं होतं, 'वृं. मो. गोडबोले'. साखळी निघाली! जगभरचे दाखले विकणारा मी, आणि माझी ओळख पटली ती भांडीवाल्याने कोरून दिलेल्या नावावर. डबा पिठाच्या डब्यामागे सापडला होता म्हणे.

आत गेलो आणि माझं हसूच मावळलं. डायनिंग टेबलावर, सोफ्यावर, जमिनीवर, सगळीकडे चकल्या, करंज्या, शंकरपाळ्यांचे भरलेले खोके. काकूंचे डोळे सुजलेले. रात्रभर झोपल्या नव्हत्या.

"मंदार," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "शाळेत चाळीस वर्षं मला लोक गोडबोले बाई म्हणायचे. इथे आल्यापासून मी समीरची आई. त्या वेबसाइटवर इतक्या वर्षांनी माझं नाव आलं रे. आणि आता लोकांना तिथे चोर दिसतोय."

मला खूप लाज वाटली. खरंच वाटली, आत्ताही सांगताना वाटते. त्यांनी माझं अक्षर न् अक्षर ऐकलं, आणि त्याचीच शिक्षा त्यांना झाली. मी सगळं कबूल केलं. मेसेज माझा, फोन माझा, आवाज माझा, उशीरही माझाच.

काकू वर्गात गृहपाठ विसरलेल्या मुलाकडे बघावं तसं बघत म्हणाल्या, "ते नंतर. आधी उपाय सांग."

"उपाय सोपा आहे. ते ईमेल उघडा, क्लिक करा."

"ती सगळी मी पुसली. पण त्याआधी प्रत्येकात एक बटण होतं, 'मी हे मागवलेलं नाही'. ते दाबलं."

"अकराच्या अकरा वेळा?"

"शिस्तीत."

मी लॅपटॉप उघडला. कंपनीने सर्टिफिकेटची मागणी रद्द केली होती आणि वर माझं खातं गोठवलं होतं. कारण, 'संशयास्पद हालचाली'. चौकशीला पाच दिवस. आणि ऑर्डरी बंद व्हायला उरला होता एक दिवस. मी डोकं धरून बसलो.

मुग्धाने विचारलं, "दुसरा काहीच मार्ग नाही?"

"आहे ना," मी वैतागून म्हणालो, "ते फुकटचं सर्टिफिकेट आहे. पण त्याला..." आणि मी थांबलो.

"त्याला काय?"

"त्याला... काही लागत नाही. ईमेल नाही, क्लिक नाही. वेबसाइट माझ्याच सर्व्हरवर आहे. मी एक बटण दाबायचं."

मी बटण दाबलं. दोन मिनिटं पण लागली नाहीत हो! काकूंनी आपल्या टॅबलेटवर वेबसाइट उघडली. बोंब गेलेली, वर नाव झळकतंय, 'वृंदा गोडबोले यांचा फराळ'. त्यांनी स्क्रीन पदराने पुसली, पुन्हा बघितली.

"मग हे गुरुवारीच का नाही केलंस?" काकूंनी विचारलं. मुग्धानेही तेच विचारलं. मी लॅपटॉपचं झाकण लावलं.

आता प्रश्न ग्रुपचा. वेबसाइट सुरक्षित आहे हे काकूंनी लिहिल्याशिवाय लोक परत येणार नव्हते. त्या टाइप करायला बसल्या. "भामटा म्हणजे आपला मंदारच होता, असं लिहू का?"

"काकू!" मी हातच जोडले. "लोकांना कळलं, की सर्टिफिकेटवाल्याला स्वतःच विकलेलं सर्टिफिकेट वेळेत बसवता आलं नाही, तर धंदा गुंडाळावा लागेल."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग मुग्धाकडे. मुग्धा म्हणाली, "तुम्हाला काय वाटेल ते करा. मला काही हरकत नाही." पण मनाच्या मोठ्या हो काकू! त्यांनी लिहिलं, 'खऱ्या मंदारने स्वतः येऊन वेबसाइट सुरक्षित केली. भामटा पळाला.' संध्याकाळपर्यंत ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या, रविवारी तर सगळा फराळ संपला. मीही सुटलो.

सुटलो असं मला वाटलं. पण रेकॉर्डिंग? ते तोवर ऑकलंड, हॅमिल्टन करत पार वेलिंग्टनच्या मंडळापर्यंत गेलं होतं. पुढच्या आठवड्यात आपल्या ऑकलंडातल्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या एका हॉलमध्ये काकूंचे खोके वाटायला मीच उभा होतो. रांगेतले एक आजोबा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "वाईट झालं हो तुमच्या बाबतीत. पण आम्ही कोणी फसलो नाही! मी ते रेकॉर्डिंग पहिले दहा सेकंद ऐकलं आणि हिला म्हणालो, हा मंदार असूच शकत नाही."

"आवाजावरून ओळखलंत?" मी विचारलं.

"छे, आवाज हुबेहूब तुमचाच. पण इतका बावळट माणूस वेबसाइटच्या धंद्यात टिकेल का?"

मी म्हणालो, "थँक यू, आजोबा," आणि त्यांचा खोका गाडीपर्यंत पोचवून दिला.