न बुडवलेली रानहळद

गौरीच्या तिसऱ्या दिवशी आमच्या घरातून सगळं जातं. तेरड्याच्या जुडीला नेसवलेली साडी सोडायची, मुखवटा डब्यात ठेवायचा आणि जुडी गणपतीबरोबर खाडीत. त्यातली काडीसुद्धा मागे ठेवत नाहीत. मी ठेवली.

जुडी कल्याणच्या बाजारातून आणलेली. तेरड्याला चिकटून त्यात एक रोप होतं, मुळासकट उपटलेलं, मुळाला अजून लाल माती. पानं हळदीसारखी रुंद. साडी सोडता सोडता मी ते ओढून घेतलं आणि मोरीच्या दारामागे ठेवलं. सगळे कोपरच्या खाडीवर गेले तेव्हा गॅलरीतल्या फुटक्या बादलीत लावून टाकलं.

मला ते ओळखीचं वाटलं होतं. माझं माहेर ठाण्यातल्या माजिवड्याचं. लहानपणी आत्याबरोबर गौर आणायला डोंगराच्या उतारावर जायचो, तेव्हा कातळाच्या कडेने अशीच पानं असायची आणि त्यांच्यामधून गुलाबी शेंड्यांचे तुरे वर आलेले. आत्या त्याला रानहळद म्हणायची. आता तिथे टॉवर आहेत, खाली गाड्या उभ्या असतात.

पण फुलाशिवाय खात्री कशी होणार? नवरा म्हणाला, "हळदच आहे. जुडी जाड दिसायला काहीही कोंबतात." मी पान चुरगळून पाहिलं. हळदीच्या पानात पातोळ्या उकडताना घरभर सुटतो तो वास त्याला नव्हता. कंद थोडा उकरून नखाने खरवडला, तर आत पांढरट निघाला, केशरी नाही. घरातली हळद नव्हे एवढं कळलं. बाकीचं फूल आल्यावरच कळणार होतं.

सासूबाईंच्या नजरेतून बादली सुटणार नव्हतीच.

"गौरीतला झार हाय ना गो तो?"

"हो."

"गौर बुरवायची असते, बादलीन कोंबायची नाय. माहेरवाशीन ती. तिसऱ्या दिवशी गेलीच पायजे."

मी कधीच उलट बोलत नाही, म्हणून त्यांना वाटलं ऐकलं हिने.

दिवाळीच्या सुमारास सासूबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या प्लास्टरचा हात उचलून दाखवायच्या. "सुनेनं गौर कोंडलीय घरान. ती काय सोरते का मना?" नणंद मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अगं वहिनी, एवढ्याशा झाडासाठी कशाला? टाक ना खाडीत, विषय संपव." मी चहात साखर घातली. मोरीतला नळ गळतोय, फरशी बुळबुळीत झालीय, हे मी नवऱ्याला किती वेळा सांगितलं होतं. नळाला कुणी काही म्हणालं नाही.

थंडीत पानं पिवळी पडली आणि मग उरली ती नुसती माती. "गेली एकदाची," सासूबाई म्हणाल्या. "आता तरी फेक." मी बादली उचलली आणि गॅलरीच्या कोरड्या कोपऱ्यात सरकवली. खालचा कंद झोपतो, तेव्हा पाणी घातलं तर कुजतो, हे मी आत्याकडून ऐकलेलं. उन्हाळाभर नवरा त्या मातीवर बूट वाळत ठेवायचा. मी रोज काढायचे. भांडले नाही, नुसते काढायचे.

जूनमध्ये मातीतून विडीसारखा गुंडाळलेला कोंब वर आला. श्रावणात पानांच्या मधून तुरा निघाला. खाली हिरव्या खवल्यांचे खिसे, वर जांभळट गुलाबी शेंडा आणि एकेका खिशातून डोकावणारं पिवळंधमक फूल. रानहळदच. मी तिथेच खाली बसले.

आणि मग माश्या आल्या. पोळ्यातल्या नव्हेत, एकट्या हिंडणाऱ्या, अंगावर निळे चमकदार पट्टे. हवेत जागच्या जागी थांबायच्या, बारीक आवाज करत फुलात शिरायच्या, मागे सरकायच्या. आजूबाजूला सगळ्या जाळ्या, एसी आणि वाळत घातलेले कपडे. यांना दुसऱ्या मजल्यावरची ही फुटकी बादली कुणी दाखवली? सासूबाई आतून ओरडल्या, "चावल ती! दार लाव!" मी गॅलरीचं दार उघडंच ठेवलं.

गौरी आल्या. तिसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, खाली मिरवणुकीचा बँजो सुरू झालेला. सासूबाईंनी सगळ्यांदेखत मुलाला सांगितलं, "ती बादली पन घे. दोन वर्षांच्या गौरी एकदमच बुरव, म्हणजे दोष नको." नवऱ्याने माझ्याकडे न बघता बादली उचलली.

मी दारात उभी राहिले.

"ही नाही जाणार."

"सरक गं," तो हळूच म्हणाला. "माणसं बघतायत."

"बघू देत. दरवर्षी आणायची, आपल्या रीतीने मटणाचा नैवेद्य दाखवायचा आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात. हिचं माहेर कुठे राहिलंय परत जायला? तिथे टॉवर झाले. ही इथेच राहील. दोष लागला तर मला लागू दे."

आवाज चिरका निघाला, पण निघाला. कुणीतरी हसलं. सासूबाई म्हणाल्या, "तोंड फुटलं गो हिला!" नवऱ्याने बादली खाली ठेवली. घाईत ठेवली, एक पान मोडलं.

मी खाडीवर गेले नाही. परत आल्यावर नवऱ्याने निरोप दिला. आई म्हणते, बादली नाही तर नाही, निदान एक फूल तरी द्यायचं होतंस. मी म्हटलं, "माश्यांना लागतात."

सासूबाई पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते जड गेलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी माती उपसली तर कंद वाढून बादलीत मावेना. अर्धा नव्या कुंडीत लावला. ती कुंडी गॅलरीत नाही ठेवली. घराच्या दाराबाहेर ठेवलीय, जिन्याच्या खिडकीपाशी, वर-खाली जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. कुणी विचारलं तर सांगते, गौरीतली आहे.