भूकंप ऐकायला बसलेला अण्णा

अण्णा गेल्याचं मला सांगलीच्या भाजी मंडईत कळलं. फोनवर त्याचा कोयनानगरचा शेजारी मारुती होता. "आक्का, अण्णास्नी काल कराडला हलवलं हुतं... न्युमोनिया. डाक्टर म्हनले, लय उशीर केला." मी त्या बिचाऱ्यावरच खेकसले. कोयनेच्या पावसात उभा जन्म काढलेल्या माझ्या थोरल्या भावाला सर्दी-खोकल्यानं न्यावं? महिना होऊन गेला, तरी माझा राग उतरलेला नाही.

अण्णा धरणाच्या वीजघरातून निवृत्त झाला आणि तिथंच राहिला. तिथल्या माणसांना हादऱ्यांचं फारसं काही वाटत नाही. भांडी वाजली की "गेला" म्हणतात आणि भाकरी थापायला लागतात. पण एका दुपारी जरा मोठा धक्का बसला, वहिनी घाबरून घरामागच्या परड्यात पळाली आणि परड्याची जुनी दगडी भिंत तिच्या अंगावर आली. घराला तडासुद्धा गेला नव्हता. ती आत राहिली असती तर... हे "तर" अण्णानं तोंडातून कधी काढलं नाही. दिवसकार्य झालं तेव्हा मी म्हटलं, "सांगलीला चल, माझ्याजवळ राहा." तो म्हणाला, "बघू." त्यानं काय बघितलं, तर घराच्या चारी भिंतींना सिमेंटचा पट्टा बांधून घेतला आणि जवळच्या भूकंप संशोधन केंद्रात जाऊन सांगितलं, की रविवारी लोकांना माहिती द्यायला मी फुकट येत जाईन.

तिथं जमिनीत फार खोल बोअर मारून त्यात यंत्रं सोडली आहेत. बघायला येणाऱ्या गावकऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आवं, एवढं खोल बोअर मारलं, पानी किती लागलं?" पहिल्याच रविवारी अण्णानं उत्तर दिलं, "पान्यासाठी न्हाई, भूकंपासाठी मारलंय." झालं! आठवड्याभरात खोऱ्यात बोभाटा, की भूकंप आणायला बोअर मारलंय आणि अण्णा स्वतःच्या तोंडानं कबूल झालाय. दोन म्हातारे काठ्या घेऊन फाटकावर आले. तेव्हापासून तो "भूकंप ऐकायला" म्हणू लागला. तरी वाडीवरच्या कित्येकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. मी चिडायचे, तर तो म्हणायचा, "आगं सुमे, चूक माझ्या जिभेची हाय. मीच निस्तरनार."

एकदा मी त्याचं बोलणं ऐकत मागं उभी होते. शिराळ्याकडून बायकांचा गट आला होता. अण्णा समजावत होता, धक्का बसला की पळायचं नाही, घर पक्कं असेल तर आतच भक्कम टेबलाखाली बसायचं. माणूस मरतं ते पळताना. आवाज अगदी स्थिर होता. वहिनीचं नाव नाही की काही नाही. माझ्याच डोळ्यांना धार लागली. एका बाईनं विचारलं, "परत कवा येनार, त्ये सांगतंय का हे मशीन?" "न्हाई, ताई. आज तरी न्हाई. पन तुमी घरात बिनघोर झोपा." परत येताना मी विचारलं, तुला खरंच वाटतं का रे, कधीतरी आधी कळेल म्हणून? "वाटायचं," तो म्हणाला.

गेल्या आठवड्यात मी त्याचं घर आवरायला गेले. केंद्रात रविवारी आता कोणी माहिती सांगत नाही. माहितीची खोली बंद असते. मारुतीनं घराची किल्ली दिली. घरातल्या पलंगावर गादीची वळकटी, तिच्यावर बोटभर धूळ. मी म्हटलं, "अण्णा झोपायचा तरी कुठं?" मारुती म्हणाला, "म्हंजे? तुमास्नी ठावं न्हाई?" त्यानं मला परड्यात नेलं. चार बांबूंवर एक पत्रा, तीन बाजूंनी गोणपाट; दिवाळीला यायचे तेव्हा मला तो सरपणाचा आडोसा वाटायचा. खाली लोखंडी खाट, खाटेवर ओलं घोंगडं, बुरशीचा वास.

"वैनी गेल्यापास्नं घरात पाठ टेकली न्हाई त्यांनी. पावसाळा न्हाई, थंडी न्हाई. आमी लय सांगितलं..."

"अरे, पण मी दिवाळीला यायचे तेव्हा तर तो आत सोप्यात झोपायचा!"

"झोपत कुटलं, आक्का? बसून असायचं. तुमी भ्याल म्हनून."

आणि सकाळी मी त्याचे तांबारलेले डोळे बघून म्हणायचे, म्हातारपणी झोप कमीच होते रे...

मी त्या पत्र्याखाली उभी राहून रडले, आणि त्याला शिव्याही घातल्या. गावोगावच्या बायकांना बिनघोर झोपा म्हणून सांगणाऱ्या माझ्या भावाला स्वतःच्या घरात एक रात्र डोळा लागला नाही, आणि शेवटी कोयनेच्या पावसानं भिजवून त्याचा जीव घेतला. समोर त्याचं घर उभं होतं, चारी बाजूंनी बांधलेलं, धड. माझा मुक्काम करायचा बेत होता. पण दिवस कलायला लागला तशी मी कुलूप लावलं, किल्ली मारुतीच्या हातात दिली आणि मिळाली ती एसटी पकडून निघाले. त्या घरात झोपायची माझी छाती झाली नाही.