बांध बघायला

लेक आफ्रिकेत ज्वालामुखींच्या प्रदेशात काही महिन्यांच्या कामाला निघाली, तेव्हा मी आधी औषधांचा डबा भरला, विम्याची चौकशी केली, आणि मग तिच्याकडे वचन मागितलं: डोंगराच्या तोंडाजवळ जायचं नाही. डबा तिने हसत घेतला. वचन देईना. मग मीही ‘जाऊन ये’ म्हणेना, आणि माझ्या तोंडून ते ऐकल्याशिवाय तिचा पाय निघेना.

रविवारी तिने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि पळस्प्याच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखाणीत नेलं. काळ्या खडकाचे थर समुद्राकडे कललेले होते. त्यांना आरपार छेदत वेगळ्याच दगडाची एक उभी भिंत वर गेली होती. ती म्हणाली, ही एकेकाळची भेग. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथली जमीन ताणली, फाटली, वाकली, आणि लाव्हारस फटीत शिरून थिजला. तिकडे हे ताणणं अजून चालू आहे. जमीन दोन्हीकडे ओढली जाते, मध्ये खचते, आणि खालचा रस भेगा धरून वाट काढतो. कधी माथ्यावर न येता बऱ्याच लांब, कुणाच्या शेतातच फुटतो. आधी बारीक भूकंप होतात, कुठे विषारी वायू येतो.

“तोंडापासून लांब राहा म्हणून तू मला नेमकी भेगेवर बसवशील, आई.”

मी तिथेच दगडावर बसले, आणि माहेर आठवलं. गव्हाणची मिठागरं, खाडी, खारं पाणी अडवणारा मातीचा बांध. उधाणाला प्रत्येक घरातून एक माणूस बांध बघायला जाई. आमच्या घरातून वडील. लाटा आपटत त्या बाजूला फारसं न बघता ते वाकून आतल्या अंगाचा चिखल चाचपत. म्हणायचे, “पानी समोरून नाय येत. खेकड्यांच्या भोकातनं येतं.” ते परत येईपर्यंत आई दारातून हलत नसे, पण तिने त्यांना कधी अडवलं नाही. कुणीच गेलं नाही तर साऱ्या गावाच्या भातात खारं पाणी शिरेल, हे तिला ठाऊक होतं.

मी लेकीला विचारलं, तिथे वस्ती आहे का? आहे म्हणाली, शेतं, गुरं, शाळासुद्धा. भेगा किती रुंदावतात ते मोजायचं आणि धोका दिसला की गावाला सांगायचं, हेच तिचं काम.

“म्हणजे बांध बघायला जातेस.”

आजोळी सुट्ट्या काढलेली पोर ती. तिला लगेच कळलं. दोघींचेही डोळे भरले, पण ऊन चढत होतं आणि बाटलीतलं पाणी संपत आलं होतं.

मुक्काम भेगांपासून किती लांब, गाडी रस्त्याकडे तोंड करून लावतात का, वारा फिरला तर वायू कुठे जातो, सगळं विचारून घेतलं. काहींची उत्तरं तिच्याकडे नव्हती. निघायच्या आधी ती मिळव, म्हटलं. मग तिच्या पाठीवरची दगडाची भुकटी झटकली.

“जाऊन ये,” मी म्हणाले. “वाकून बघ.”