शून्याचे शनिवार

पार्वतीला आपल्या दोन्ही गुडघ्यांचे आवाज वेगवेगळे ओळखता येत. उजवा बसताना कुरकुरे, डावा उठताना कट्‌ करून वाजे. ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या धक्क्यावर नवऱ्याची, अनंताची, होडी लागली की मासळी निवडायला ती खाली बसे, तेव्हा उजवा बोले. पाटी भरून झाली की डाव्याची पाळी. उठायला मात्र हल्ली लेक लागे. भाविका समोर उभी राहायची, दोन्ही हात पुढे करायची, "चल, एक, दोन," म्हणायची, आणि तीनला पार्वती उभी. मग दोघी मिळून पाटी रिक्षात चढवायच्या, देवनारच्या वळणावरचे खड्डे दात आवळून सोसायच्या आणि चेंबूरच्या बाजारात ओट्यावर मासळी मांडायच्या. नऊ वाजले की भाविका हाताला लिंबाची फोड चोळून कॉलेजात पळायची. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, प्राणिशास्त्र.

"बावन्न वर्षांची बाय तू," शेजारच्या ओट्यावरची द्रौपदी म्हणायची, "आणि उठतेस नव्वदीच्या म्हातारीवानी."

"तू बसून दाखव माझ्यासारखी तीस वर्षं."

"मी पण तीसच वर्षं बसलेय. पण गिऱ्हाईक नसलं की मी उभी राहते. तू गिऱ्हाईक नसलं की झोपतेस."

खोटं नव्हतं ते. झोप ही पार्वतीची एकुलती एक हौस. तिचे हक्काचे दिवसही ठरलेले: अष्टमी, नवमी, दशमी, दोन्ही पंधरवड्यांत. अमावास्या-पुनवेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी जोरात वाहतं आणि खाडीत खांबांना बांधलेल्या डोळ जाळ्यात मासळी लोटून आणतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. पाण्यात दम नसतो, जाळं नुसतं लोंबतं. होड्या निघत नाहीत, पुरुष जाळी शिवत बसतात आणि पार्वती गुडघ्यांना गरम तेल चोळून झोपते. जगाची सुट्टी रविवारी, तिची सुट्टी चंद्र ठरवायचा.

विद्यापीठाची मुलं मात्र यायची शनिवारी. कारण बाकीचे दिवस त्यांना वर्ग.

तीन वर्षं झाली त्यांना. टोपी, पाण्याची बाटली, गळ्यात ओळखपत्र आणि हातात प्लास्टिकची पट्टी. पहिली दोन वर्षं नुसती नावं विचारली.

"मावशी, हे काय?"

"निवटी."

"आणि हे?"

"ती पण निवटी. तिची बहीण."

"मावशी, हिचं वय किती असेल?"

"तिच्या आयशीला इचार. मी सुईण नव्हते."

मुलं हसायची, लिहायची, पुढल्या वर्षी दुसरी यायची. पार्वती पुन्हा पहिल्यापासून सुरू. यंदा त्यांच्या गंधाली मॅडमनी वजन मोजायला लावलं. नोव्हेंबरपासून शनिवारआड शनिवार, अनंताच्या होडीला किती मासळी, काट्यावर टाकून. गंधाली मॅडम तिशीच्या, उन्हाने काळवंडलेल्या, प्रकल्प त्यांचाच. चिखलात उतरायला मागेपुढे बघायच्या नाहीत, म्हणून पार्वतीला त्या आवडत. अहवालात पार्वतीचं नाव नव्हतं. 'स्थानिक माहितगार क्रमांक एक' असं होतं. भाविकाने ते वाचून दाखवलं तेव्हा पार्वती म्हणाली, "एक नंबर तरी दिला. बस झालं."

मार्चच्या शेवटी एका शनिवारी मुलं आली तर धक्क्यावर कुणीच नव्हतं. त्याच्या आधीच्या वेळेलाही तसंच झालं होतं. पार्वती घरात पाय पसरून पडली होती. सौरभ नावाचा एक उंच पोरगा दारात आला, हातात गुंडाळी.

"मावशी, आज तुम्ही नव्हता."

"मासळी नव्हती."

"अजिबात नाही?"

"नाय."

त्याने 'शून्य' लिहिलं आणि गुंडाळी दिली. "मॅडमनी दिलंय. कोळीवाड्यात लावायला." आणि गेला.

तो एक रंगीत आलेख होता. वर मोठ्या अक्षरांत 'आपली खाडी रिकामी होत आहे'. खाली निळी रेघ, डावीकडे उंच सुरू झालेली, पायरीपायरीने उतरत उजवीकडे जमिनीला टेकलेली.

त्या दिवशी दुपारी भाविका मोबाइलवर अर्ज भरत बसली होती. याच प्रकल्पात उन्हाळी इंटर्नशिप. मध्य एप्रिल ते मेअखेर, सहा आठवडे, जागा सहा. प्रयोगशाळेत काम, अहवालात नाव. मागच्या वर्षी ज्यांनी केली त्यांतल्या दोघांना पुढे तिथेच एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. भाविकाला तेच हवं होतं. दुसरं काही तिने कधी मागितलं नव्हतं, हे पार्वतीला ठाऊक होतं.

"कितीला जायचं?"

"आठला तिकडे हजर. रोज."

आठला म्हणजे घरातून साडेसहाला. म्हणजे पाटी उचलायला कोण, हा प्रश्न दोघींमध्ये येऊन बसला. भाविकाने तो उचलला नाही, पार्वतीनेही नाही. भाविकाचा भाऊ परेश अंधेरीला विमानतळाच्या मालखात्यात पाळ्या करायचा. तो जेवता जेवता म्हणाला, "झकास. आता आपल्या घरात शास्त्रज्ञ. आये, पाटी तिच्या प्रयोगशाळेतच ने."

"तू गप जेव."

मग भाविकाने गुंडाळी उलगडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आये, हे इतकं पडलं वजन? चार महिन्यांत?"

"कधी मोजलं त्यांनी? तारखा हायत?"

तारखा खाली बारीक छापल्या होत्या. भाविका वाचत गेली, पार्वती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघताच तिथी सांगत गेली, मांडीवर बोटं मोडत. "पुनव. मग चवदस. चवदसच. मग तेरस. बारस. एकादस..." मध्येच ती थांबली. "पोरं दर खेपेला तिथीची एक पायरी उतरली. उधाणावर चढून बसली आणि भांगात येऊन टेकली. शेवटचे दोन तर माझ्या झोपेचे दिवस."

भाविकाने कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, एकेक तारीख पडताळली.

"शनिवारआड म्हणजे चौदा दिवस, आणि पंधरवडा त्याहून थोडा मोठा. म्हणजे ही रेघ मासळीची नाहीच आहे. चंद्राची आहे."

"मासळी कमी झालीय, ते खरं हाय," पार्वती म्हणाली. "तुझ्या आज्याच्या वेळची मासळी तू बघितली नाय. पण ती तीस वर्षांत कमी झाली. चार महिन्यांत नाय झाली."

"मुलाखतीत सांगते."

"कुणाला?"

"मॅडमना. त्याच घेणारेत मुलाखत."

पार्वतीने पाय जवळ ओढून घेतले. उजवा कुरकुरला. "हे बघ भाविका. आपल्याला त्यांच्या घरात शिरायचंय. दारात उभं राहून कुणी सांगतं का, की बाय, तुझी भिंत वाकडी हाय? आधी आत जा. बस. पाणी पी. मग सांग."

"तोपर्यंत हे सगळीकडे लागेल, आये."

"लागू दे. निदान कुणीतरी म्हणतंय की खाडी मरतेय. तू चुकीचं म्हटलंस की तिकडं कुणीतरी म्हणेल, खाडी झकास हाय."

भाविका आलेख पुन्हा गुंडाळायला लागली. अनंता उंबऱ्यावर जाळं शिवत होता, तो मान वर न करता म्हणाला, "खोटी गाठ धरत नाय. जाळ्यात एक खोटी गाठ पडली की तिथूनच फाटतं." आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागला. पार्वतीला त्याचा राग आला. पाटी काही तो उचलणार नव्हता. होडीवरून आला की त्याची पाठच उभी राहत नसे.

मुलाखत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. दुपारी भाविका थेट बाजारात आली, पिशवी ओट्याखाली टाकली आणि आईच्या बाजूला बसून कोळंबी सोलायला लागली. चांगले कपडे, तसेच.

"ओढणी वर घे. वास लागेल," पार्वती म्हणाली.

"लागू दे."

"काय झालं?"

"तिघं होते. गंधाली मॅडम मध्ये. मला म्हणाल्या, प्रकल्पाबद्दल काय माहिती आहे? मी म्हटलं, आलेख बघितला."

"आणि?"

"आणि सांगितलं."

पार्वतीचा कोयता बोई माशाच्या पोटात होता, तिथेच राहिला.

"सगळं?"

"सगळं. पुनवेपासून अष्टमीपर्यंत. म्हटलं, असंच शनिवारआड मोजत राहिलात तर मेअखेरपर्यंत रेघ आपोआप वर चढेल, आणि तेव्हा काय लिहिणार, खाडी बरी झाली? मग हेही सांगितलं की मासळी खरंच कमी झालीय, पण ते दाखवायला सगळ्या तिथींना मोजावं लागेल."

"मॅडम काय बोलल्या?"

"चष्मा काढून पुसत बसल्या. दुसऱ्या सरांनी विचारलं, हे कुठल्या पेपरात वाचलंस? मी म्हटलं, आई सांगते."

पलीकडून द्रौपदी म्हणाली, "गेली इंटर्नशिप खाडीत."

"मी म्हटलं होतं तुला," पार्वती म्हणाली. पण तिचा आवाज वर चढला नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो. तिने बोईचं पोट साफ केलं आणि पुढची उचलली.

निकाल चार दिवसांत लागणार होता. दहा दिवस झाले तरी लागला नाही. भाविका दर थोड्या वेळाने मोबाइल बघायची आणि उलटा ठेवायची. सकाळी मात्र पूर्वीसारखी समोर उभी राहून हात पुढे करायची. "एक, दोन." आणि उठता उठता पार्वतीच्या मनात येऊन जायचं की नाही मिळाली तर काय बिघडलं, हे हात तरी राहतील. मग दिवसभर त्या विचाराची तिला लाज वाटायची. लाजेनेही माणूस थकतो, हे तिला नवीनच कळत होतं.

अकराव्या दिवशी गंधाली मॅडम बाजारात आल्या. एकट्याच. ओट्यापुढे उभ्या राहिल्या. भाविका कॉलेजात गेली होती.

"मावशी, करंदी कशी?"

"तुम्ही करंदी घ्यायला एवढ्या लांब नाय आलात. बोला."

मॅडम हसल्या नाहीत. "मी आमची सगळी पानं पुन्हा काढली. तिथी लावून बघितल्या. भाविका बरोबर आहे." मग म्हणाल्या, "हे तुम्ही मला तीन वर्षांत कधीच बोलला नाहीत, मावशी."

"तुम्ही वजन इचारलंत, मी वजन सांगितलं. आणि शून्याच्या दिवशी तुम्ही लिहून निघून गेलात. मी घरातच होते."

"हो," मॅडम म्हणाल्या. "तो फलक आम्ही काढतोय. नवा करू. भाविकाला आज मेल जाईल. तिला घेतलंय."

द्रौपदीने सुरीसकट हात कपाळाला लावला. पार्वतीने नुसती मान हलवली. आनंद झाला होता, पण तो कुठे ठेवावा ते तिला सुचेना. ओट्यावर सगळीकडे मासळी होती.

"अजून एक," मॅडम म्हणाल्या. "आता शनिवार नाही. दर दोन दिवसांनी यावं लागेल, तिथीप्रमाणे. भांगातसुद्धा. खरं शून्य आणि आम्ही न बघितलेलं शून्य वेगळं हवं. म्हणजे अष्टमीलाही तुम्ही धक्क्यावर..."

"अष्टमीला मी झोपते."

"मला माहीत आहे. भाविकाने सांगितलं. म्हणून स्वतः विचारायला आले."

पार्वती खूप वेळ करंदीवर पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "किती दिवस?"

"दीड महिना."

"तुमच्यातला तो उंच पोरगा हाय ना, सौरभ. त्याला सांगा, मासळी असेल त्या दिवशी मोजून झालं की पाटी रिक्षात चढवायची. प्लास्टिकची पट्टी काय, कुणीपण धरतं."

"सांगते."

"आणि ते माहितगार क्रमांक एक नको. नाव घाला."

एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात अष्टमी आली. सकाळी सात वाजता पार्वती रिकामी पाटी पुढ्यात घेऊन धक्क्यावर बसली. होड्या बांधलेल्या, चिखल उघडा पडलेला, पाणी जागच्या जागी. द्रौपदीचा आदल्या दिवशीचा शब्द डोक्यात होता: "आता तुझी पोर तुलाच मोजणार." भाविका आली ती तिच्या गटाबरोबर, डोक्यावर तीच टोपी, गळ्यात ओळखपत्र. त्या दिवशी काम धक्क्यावरच होतं. ती आईसमोर उकिडवी बसली आणि लिहायच्या पुठ्ठ्यावर कागद लावला.

"नाव?"

"नाव ठाऊक नाय तुला?"

"विचारावं लागतं, आये."

"पार्वती अनंता कोळी."

"तिथी?"

"अष्टमी."

"होडी निघाली?"

"नाय."

"का?"

"पाण्याला ओढ नाय." मग थोड्या वेळाने, "आणि मला पण."

भाविकाने पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्यापाशी पेन थांबलं, वर बघितलं, ते लिहिलं नाही. सौरभ काटा घेऊन उभा होता. त्याने रिकामी पाटी काट्यावर ठेवली, आकडा वाचला, तेवढा वजा केला आणि शून्य सांगितलं. भाविकाने शून्य लिहिलं, शेजारी तिथी लिहिली, खाली सही केली.

"झालं लिहून?" पार्वतीने विचारलं.

"झालं."

"मग उठव मला."

भाविकाने कागद सौरभकडे दिला, समोर उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.