बाबांनी निवडलेला मॉनिटर

नव्या थर्माकोलचा वास आला की मला ठाण्यातलं ते दुकान आठवतं. टिटवाळ्याला घरून काम करताना लॅपटॉपवर वाकून मान अवघडायची, म्हणून मी मॉनिटर घ्यायला गेलेले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेव्हा एसटीच्या खोपट डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले बाबा हौसेने सोबत आलेले. टेबलावर तीन मॉनिटर मांडलेले, दोन सपाट आणि एक रुंद, कडांना वळलेला. "बाबा, कुठला बरा वाटतो?" मी विचारलं. ते खुर्ची सरकवत एकेकासमोर बसले आणि मधल्यावर हात ठेवून म्हणाले, "हा घे गं. डोळ्यांना शांत वाटतोय." दुकानदार हसला, "काका, तो बंद आहे!" बाबांची मस्करी समजून मीही हसले. तेही हसले, पण जरा उशिरा. बाहेर पायरी उतरताना त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं. "आईला बोलू नको एवढ्यात," म्हणाले. शुगरने त्यांची नजर कधीचीच अधू केलेली आणि त्यांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आता मी कामाला बसले की ते चाचपडत शेजारी येऊन बसतात आणि विचारतात, "नीट दिसतंय ना गं तुला?"