मधली भेग

जयवंतने सवयीने मधली भेग भरली तेव्हा आपण काही बिघडवतोय असं त्याला वाटलंच नाही. मरोळच्या त्या सोसायटीच्या गच्चीवरच्या भेगा अठरा वर्षं तोच भरत आला होता. पांढरं सिमेंट कालवायचं, अंगठ्याने दाबायचं, विषय संपला.

पण ह्या तीन भेगा गार्गीने मुद्दाम पाडलेल्या होत्या. ह्या संशोधक पोरीने गच्चीच्या कोपऱ्यात बॅक्टेरिया घातलेल्या काँक्रीटचा चौकोन टाकला होता. भेगेतून पाणी शिरलं की आत झोपलेले जंतू जागे होणार, सोबतचा खाऊ खाणार आणि चुनखडी तयार करून भेग बुजवणार. महिन्याभरात जमलं, तर पुढच्या दुरुस्तीला जयवंतची सुट्टी.

ऐकल्यापासून त्याच्या पोटात दुखत होतं. दुसरा मिस्त्री असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. ह्यांना ना चहा लागतो, ना तंबाखू. रविवारीसुद्धा कामावर.

"माणसां कमी पडली काय, आता जंतूंवर जळतास?" दहिसरच्या घरी त्याची बायको सुलक्षणा म्हणाली होती, भाकरी उलटता उलटता.

भेग भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी नंदकुमार गच्चीवर येऊन वाकले. "अरे, एका दिवसात भरली की. सफाई बघ जयवंत. तुला जमलंय का असं कधी?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा कामाचं कौतुक झालं, तेही जंतूंच्या नावावर.

गार्गीने भेगेवरून बोट फिरवलं. मग जयवंतच्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला पांढरं अडकलं होतं.

"ही मोजायची नाही काका," ती नंदकुमारांना म्हणाली. "माझ्याकडून गडबड झाली." आणि जयवंतकडे वळून, "उरलेल्या दोन भेगांवर रोज पाणी तुम्हीच शिंपडा, दादा."

पाणी नाही, तर जंतू जागे होणार नाहीत. दोन दिवस त्याने पाण्याचा मग उचललाच नाही. तिसऱ्या दिवशी "उठा रे भडव्यांनो" म्हणत शिंपडलं. पोरीने उगाच स्वतःवर घेतलं होतं.

महिन्याने एक भेग पूर्ण मिटली, दुसरी अर्धी. जयवंतने वरून बादली ओतली, खाली जाऊन पाहिलं. मिटलेल्या भेगेखाली छत कोरडं.

"पार आतपर्यंत गेलेत," तो वर येऊन गार्गीला म्हणाला. "माझा अंगठा एवढा जात नाही."

"मोठ्या भेगा ह्यांना नाही जमत. तिथे तुम्हीच लागाल."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

नंदकुमार मात्र अजून येईल त्याला मधली भेगच दाखवतात. "एका दिवसात, बोला."

"त्यांना सांगा ना, दादा," गार्गी म्हणाली.

"उद्या सांगतो," जयवंत म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले.